तापात आकडी आली तर: बाळाचं वजन, औषधाची बाटली आणि घड्याळ

सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या दर शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना कधी ना कधी तापात आकडी येते. सर्वांत जास्त येते ती वर्ष ते दीड वर्षाच्या आसपास. इतकी नेहमीची गोष्ट असूनही, जिच्या मांडीवर बाळ पहिल्यांदा ताठ होतं त्या आईला याबद्दल आधी कुणी काही सांगितलेलं नसतं. तिला वाटतं, बाळ गेलं. त्या क्षणी वाचायला वेळ नसतो, म्हणून बाळ धडधाकट असताना हे वाचा. बाळ दिवसभर आजी-आजोबांकडे राहत असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तापातली साधी आकडी बहुधा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि मेंदूला इजा करत नाही. इजा होते ती घाबरून केलेल्या उपायांनी: दातांत घातलेला चमचा, तोंडात ओतलेलं पाणी, दुप्पट पाजलेलं औषध, मोटारसायकलवर दोघांच्या मधे दाबून धरलेलं बाळ. तीन गोष्टी हाताशी असल्या तर यातलं बरंच टळतं. बाळाचं वजन ठाऊक हवं, औषधाच्या बाटलीवरचा आकडा वाचता यायला हवा आणि घड्याळाकडे बघायचं भान राहायला हवं.

ताप मोजायचा, हाताने चाचपायचा नाही

कपाळाला हात लावून ताप आहे की नाही एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. मेडिकलमध्ये मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. काखेतला घाम पुसा, थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध ठेवा, हात छातीशी धरून ठेवा आणि बीप वाजेपर्यंत सोडू नका. घरात पाऱ्याचा जुना थर्मामीटर असेल तर तो निदान चार-पाच मिनिटं काखेत राहायला हवा. बाळ नुकतंच गोधडीतून काढलेलं असेल किंवा आंघोळ झालेली असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबून मोजा, नाहीतर आकडा फसवतो.

१००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सिअस. इथून पुढे ताप धरायचा. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणून काखेत ९९.५ च्या वर गेला की लक्ष ठेवायला लागा. प्रत्येक वेळी आकडा आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. डॉक्टरांना "खूप ताप होता" यापेक्षा "काल रात्री दहाला १०२.६, पहाटे चारला १०१" हे कितीतरी उपयोगी पडतं.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. या वयात १०० च्या वरचा कुठलाही ताप म्हणजे त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, डॉक्टर. औषध पाजून वाट बघायची नाही.

आपल्याकडे "ताप डोक्यात गेला" असं म्हणतात. जंतुसंसर्गाने आलेला ताप १०३, १०४ झाला तरी त्या तापाने मेंदू बिघडत नाही. कधी कधी उलट असतं: मेंदूच्या आवरणाला सूज आलेली असते आणि ताप हे तिचं लक्षण असतं. म्हणून आकड्यापेक्षा बाळाकडे बघा. ताप उतरल्यावर बाळ खेळतंय, अंगावर पितंय, लघवी करतंय, तर १०३ सुद्धा सोसण्यासारखा आहे. ताप १००.५ आहे पण बाळ डोळे उघडत नाही, तर तो मोठा आजार.

याला एक अपवाद आहे उन्हाचा. माण-खटावकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत राहिलेलं बाळ तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. त्यात तापाचं औषध काम करत नाही. तिथे सावलीत नेणं, कपडे काढणं, अंग ओलं करून वारा घालणं आणि ताबडतोब दवाखाना हाच उपाय.

औषध वजनावर द्यायचं, आणि बाटली वाचून

तापावरचं पहिलं औषध पॅरासिटामॉल. एका वेळचा डोस दर किलोला १५ मिलिग्रॅम. दोन डोसमध्ये निदान चार तासांचं, शक्यतो सहा तासांचं अंतर. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

गोंधळ इथेच होतो, कारण पॅरासिटामॉल बाजारात एकाच ताकदीचं नसतं. एका सिरपमध्ये ५ मिलिलीटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात ५ मिलिलीटरला २५०. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर १ मिलिलीटरलाच १०० मिलिग्रॅम. बाटल्या दिसायला सारख्या, रंग सारखा, वासही सारखा. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागतं. ते १२५ च्या सिरपचे ६ मिलिलीटर, २५० च्या सिरपचे ३ मिलिलीटर आणि ड्रॉप्सचे दीड मिलिलीटर. बाळ आठ किलोचं असेल तर हेच आकडे पावणेपाच, २.४ आणि १.२ होतात; बारा किलोचं असेल तर सात, साडेतीन आणि १.८.

आता चूक कशी होते बघा. मागच्या वेळी १२५ चं सिरप होतं, ६ मिलिलीटर पाजत होतात. या वेळी दुकानदाराने २५० चं दिलं आणि तुम्ही सवयीने ६ मिलिलीटरच पाजलं. डोस सरळ दुप्पट झाला. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून एक चमचा पाजला तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त. असं दिवसातून तीन-चार वेळा झालं की यकृताला मार बसतो. म्हणून नवी बाटली घरात आली की फोडण्याआधी लेबल वाचा, आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहा: "एका वेळी ३ मिली". चष्मा नसताना आजीलाही वाचता आलं पाहिजे.

मोजायला बाटलीबरोबरचं मापी टोपण किंवा त्याहून चांगली म्हणजे सुई नसलेली ५ मिलिलीटरची सिरिंज वापरा. घरातला चहाचा चमचा वापरू नका, प्रत्येक घरातला वेगळा असतो. सिरिंजचं टोक जिभेवर न ठेवता गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा, म्हणजे बाळ थुंकत नाही आणि ठसकतही नाही. औषध दिल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. त्यानंतर उलटी झाली तर पुन्हा देऊ नका, पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

वजन ठाऊक नसेल तर अंगणवाडीत दर महिन्याला होतं ते माता बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असतं. नाहीतर घरच्या काट्यावर आधी बाळाला घेऊन उभं राहा, मग एकटे, वजाबाकी करा. सहा महिन्यांपूर्वीचं वजन चालणार नाही.

औषध देऊन तासभराने ताप एक-दीड अंशाने उतरला तर औषधाने काम केलं. १०३ चा १०१.५ झाला म्हणजे औषध "लागू पडलं नाही" असं नव्हे. ९८.६ वर आलंच पाहिजे या हट्टापायी लोक तासाभरात दुसरं औषध पाजतात. बाळ शांत झोपलं असेल तर ताप मोजायला किंवा औषध पाजायला उठवू नका.

काही औषधांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. सर्दीच्या अनेक सिरपमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेलंच असतं. ते आणि तापाचं सिरप दोन्ही दिलं की डोस दुप्पट. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेल्या बाटलीचंही तसंच. नुसतं आयबुप्रोफेनसुद्धा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, आणि डेंग्यूचा संशय असेल, कांजिण्या असतील किंवा जुलाब-उलट्यांनी बाळ सुकलं असेल तर अजिबात नको. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत प्रत्येक जोराच्या तापाला डेंग्यूचा संशय धरूनच चालावं. मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप "स्ट्राँग" म्हणून सर्रास मागितलं जातं. जास्त झालं तर त्यानेच झटके येऊ शकतात, हे मागणाऱ्याला ठाऊक नसतं. निमेसुलाइडला बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिन मुलांना तापात द्यायचंच नाही. आणि मागच्या आजारातलं उरलेलं अँटिबायोटिक फेकून द्या. अर्धवट दिलेल्या अँटिबायोटिकने खरा आजार झाकला जातो आणि नंतर डॉक्टरांनाही तो ओळखता येत नाही.

गोधडी, पट्ट्या आणि पेज

ताप चढत असताना बाळाला हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात. तेव्हा एक पातळ पांघरूण घाला. हातपाय गरम झाले, बाळ लाल दिसू लागलं की ते काढा. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीतसुद्धा तापलेल्या बाळावर दोन गोधड्या, लोकरीची टोपी आणि खोलीत शेगडी हे नको; आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि बंद खोलीतली शेगडी तर निरोगी माणसालाही घातक. एक सुती झबलं, पंख्याचा वारा थेट अंगावर नाही एवढं पाहिलं की झालं.

पट्ट्या ठेवायच्याच असतील तर औषध देऊन अर्धा तास झाल्यावर, कोमट पाण्याच्या. फक्त कपाळावर ठेवून फारसं होत नाही. काखा, जांघा, मान, पाठ ओल्या फडक्याने पुसून घ्या. बाळ कापायला लागलं तर थांबा, कारण कापण्यानेच अंग आणखी तापतं. फ्रिजमधलं पाणी, बर्फ, स्पिरिट आणि कोलनवॉटर वापरू नका. शेवटच्या दोन्हींतलं अल्कोहोल बाळाच्या त्वचेतून आणि श्वासातून आत जातं.

तापात बाळाला उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध मागेल तितकं. सहा महिन्यांपुढच्या बाळाला भाताची पेज, मुगाचं पाणी, नाचणीची पातळ आंबील, चार-चार चमचे, पुन्हा पुन्हा. घन खाल्लं नाही तरी दोन दिवस चालतं, पण लघवी आठ तासांत एकदाही झाली नाही तर चालत नाही. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका.

आकडी कशी ओळखायची

बहुतेक वेळा ताप भरभर चढत असताना, पहिल्याच दिवशी येते. कित्येकदा घरात कुणाला ताप आहे हे कळण्याआधीच. बाळाचे डोळे वर फिरतात किंवा एका जागी लागतात, अंग ताठ होतं, मग हातपाय एका लयीत झटकू लागतात. हाक मारली तरी ओळख नाही. दातखीळ बसते, तोंडातून फेस येतो, ओठ निळसर होतात, कपड्यात लघवी होते. एक ते तीन मिनिटांत झटके विरळ होत थांबतात आणि बाळ गाढ झोपतं. काही मुलांना झटके येतच नाहीत, ती एकदम लोळागोळा होतात आणि डोळे पांढरे करतात.

थंडी वाजून कापणं वेगळं. त्यात बाळ तुमच्याकडे बघतं, रडतं, आणि तुम्ही हात घट्ट धरलात की थरथर थांबते. आकडीतला झटका हात धरून थांबत नाही.

त्या पाच मिनिटांत

१. घड्याळ बघा. मोठ्याने वेळ बोला: "आठ वाजून दहा मिनिटं." दोन मिनिटांची आकडी पंधरा मिनिटांची वाटते, आणि पुढचे सगळे निर्णय वेळेवरच घ्यायचे आहेत.

२. बाळाला जमिनीवर सतरंजीवर किंवा मोठ्या पलंगाच्या मधोमध डाव्या किंवा उजव्या कुशीवर वळवा. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. तोंड किंचित खाली झुकलेलं असू द्या, म्हणजे लाळ, फेस, उलटी बाहेर वाहून जाईल. उताणं ठेवलं तर तीच लाळ श्वासनलिकेत जाते.

३. गळ्याजवळचं बटण सोडा. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत घट्ट असेल तर कात्रीने कापा. आजूबाजूची भांडी, पाट, स्टूल सरकवा.

४. बाहेर आलेला फेस फडक्याने टिपा. तोंडाच्या आत बोट नाही, चमचा नाही, फडकं नाही. जीभ "गिळली" जात नाही. बोट घातलं तर तुमचं बोट चावलं जातं, चमचा घातला तर बाळाचा दात तुटून घशात जाऊ शकतो.

५. हातपाय दाबून धरू नका. एकाने बाळाजवळ बसायचं. दुसरं कुणी असेल तर त्याने मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यायचा, चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असा. आकडी एका बाजूची होती की दोन्ही, हे डॉक्टरांना त्यातून कळतं.

कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, हातात किल्ली किंवा लोखंड देणं हे सगळं गावोगाव चालतं. त्याने आकडी थांबली असं वाटतं, कारण कांदा शोधून आणेपर्यंत ती थांबायचीच होती. एवढ्यावर भागलं तर फार नुकसान नाही, पण त्या धावपळीत बाळ उताणं पडून राहतं, तेच घातक. बिब्ब्याचा चटका, डाग देणं हे मात्र सरळ जखम करणं आहे. कुणीही कितीही वडीलधारं असलं तरी तिथे हात धरा. पाणी पाजणं, बाळाला हलवणं, बादलीत बसवणं, झटके चालू असताना औषध पाजणं, सगळं बंद. औषध पाजायचं ते बाळ पूर्ण जागं होऊन ओळख देऊ लागल्यावरच. तोवर गरज वाटली तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉलची गुदद्वारातून घालायची गोळी वापरता येते. तिच्यातलं औषधही दिवसाच्या हिशेबात धरा.

पाच मिनिटं झाली आणि झटके चालूच आहेत, तर १०८ ला फोन करा. पाच मिनिटांपुढे गेलेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून रेषा तिथे आखलेली आहे. पहिलीच आकडी असेल आणि तुम्ही गोंधळला असाल, तर पाच मिनिटांची वाट न बघता लगेच फोन केला तरी चूक नाही. गाव, वाडी, जवळची खूण, शाळा किंवा मंदिर, आणि "लहान मूल, आकडी चालू आहे" एवढं आधी सांगा. झटके थांबले तरी छाती हलताना दिसत नसेल तर फोन तोडू नका. बाळाच्या तोंड-नाकावर आपलं तोंड ठेवून छाती जेमतेम उचलेल इतका हलका श्वास द्या आणि पलीकडून सांगतील तसं करत राहा.

नाकातला स्प्रे

ज्या मुलाला एकदा लांबलेली किंवा वारंवार आकडी आली आहे, त्याच्यासाठी डॉक्टर मिडाझोलाम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे लिहून देतात. घरी ठेवण्यासारखी ही सर्वांत उपयोगी वस्तू आहे, मात्र तो चिठ्ठीवरच मिळतो आणि डोस तुमच्या बाळासाठी डॉक्टरांनीच ठरवलेला हवा. हिशेब दर किलोला ०.२ मिलिग्रॅमचा. दहा किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे एका दाबात अर्धा मिलिग्रॅम देणाऱ्या बाटलीचे चार दाब, प्रत्येक नाकपुडीत दोन. पण एका दाबात सव्वा मिलिग्रॅम देणाऱ्या बाटल्याही मिळतात. त्या बाटलीचे चार दाब मारले तर अडीचपट औषध जाईल आणि श्वास मंदावेल. बाटली बदलली की दाबांची संख्या डॉक्टरांना पुन्हा विचारा आणि बाटलीवर लिहा.

नवी बाटली पहिल्यांदा दाबली की नुसती हवा येते. बारीक फवारा दिसेपर्यंत हवेत दाबा, मग वापरा. बाळ कुशीवरच असू द्या, नाक शेंबडाने भरलं असेल तर आधी पुसा, टोक नाकपुडीत सरळ ठेवा आणि एक-एक दाब द्या. औषध मुरायला दोन-तीन मिनिटं जातात. त्यानंतर बाळ गुंगीत जाईल. श्वास चालू आहे ना हे छातीकडे बघत राहा. एकदा दिल्यावरही आकडी थांबली नाही तर दुसऱ्यांदा घरी देऊ नका, दवाखान्याकडे निघा.

कुठे जायचं, कसं जायचं

पहिल्यांदा आकडी आलेलं प्रत्येक मूल त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासलेलं हवं, ते उठून खेळायला लागलं तरी. आकडी थांबली असेल तर घाईने गाडी पळवायची गरज नाही. चालू असेल तर मात्र जवळचं ठिकाण निवडा, मोठं नाव नाही. पाटणच्या वरच्या वाड्या, बामणोली-तापोळ्याकडचा भाग, जावळीतले घाट इथून थेट साताऱ्याला किंवा कराडला निघालं तर रस्त्यातच बहुमोल वेळ जातो. ऑक्सिजन आणि आकडी थांबवणारं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळू शकतं. आधी तिथे थांबवायची, मग रुग्णवाहिकेतून पुढे न्यायचं. आपल्या केंद्रावर रात्री कोण असतं, त्यांचा नंबर काय, हे आशाताईंना आजच विचारून ठेवा. ऊसतोडीच्या हंगामात फडावर राहणाऱ्या कुटुंबांना तर आपल्याजवळचं केंद्र कुठे आहे हेच माहीत नसतं. तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल तर त्यांना ते दाखवा.

गाडीत बाळाला मांडीवर कुशीवर घ्या, हनुवटी छातीवर टेकू देऊ नका. मान दुमडली की श्वासाची वाट अरुंद होते. मोटारसायकलवर दोघांच्या मधे हेच होतं, आणि वर तोंडावर पदर असतो. चारचाकी मिळेपर्यंत पाच मिनिटं घरी थांबणं त्यापेक्षा सुरक्षित.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर रात्र असो वा पाऊस, थांबायचं नाही. आकडी पाच मिनिटांपेक्षा लांबली. चोवीस तासांत दुसऱ्यांदा आली. फक्त एका बाजूचा हातपाय झटकत होता, किंवा नंतर एक बाजू लुळी वाटते. तासाभरानंतरही बाळ नीट जागं होत नाही. मान पुढे वाकवली की ताठरते, टाळू फुगलेली आहे. अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत आणि काचेचा पेला दाबूनही ते फिके पडत नाहीत. श्वास जलद आहे: झबलं वर करून पूर्ण एक मिनिट मोजा, दोन महिन्यांपर्यंत ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजतही बसू नका. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान किंवा पाच वर्षांपेक्षा मोठं आहे. आणि ताप नसताना आकडी आली, तर ती तापातली आकडी नाहीच. साखर किंवा कॅल्शियम कमी होण्यापासून इतर अनेक कारणं असतात.

डॉक्टर साखर तपासतील, कान-घसा बघतील, लघवी तपासायला सांगतील. मेंदूज्वराची शंका असेल तर, विशेषतः वर्षाच्या आतल्या किंवा लसी अपुऱ्या झालेल्या बाळात, पाठीच्या कण्यातलं पाणी काढायचं सुचवतील. या तपासणीला लोक उगाच घाबरतात आणि सही करत नाहीत. तिने बाळ लुळं पडत नाही, आणि मेंदूज्वर वेळेत सापडला तर बाळ वाचतं. उलट, साध्या एका आकडीनंतर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि सीटी स्कॅनची बहुधा गरज नसते, कुणी सुचवलं तर "यातून उपचारात काय बदलेल?" असं नम्रपणे विचारा.

पुन्हा येईल का?

दर तीन मुलांपैकी साधारण एकाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर जवळपास निम्म्यांना. आई-वडिलांना किंवा भावंडांना लहानपणी आली असेल, किंवा फार कमी तापात आली असेल, तरीही शक्यता वाढते. पाच-सहा वर्षांनंतर बहुतेकांची कायमची थांबते.

ही मिरगी नव्हे. साधी आकडी आलेल्या शंभर मुलांपैकी एक-दोघांनाच पुढे मिरगी होते, आणि इतर मुलांतही हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असतंच. अभ्यास, बुद्धी, वाढ यांवर परिणाम होत नाही. मुलगी असेल तर घरात लगेच कुजबुज सुरू होते, पुढे लग्नात कसं सांगायचं म्हणून. सांगण्यासारखं काही उरतच नाही, तिसरी-चौथीत जाईतो तो विषय संपलेला असतो.

आणि सुनेला बोल लावणं थांबवा. "तू वेळेवर औषध दिलं नाहीस" हे वाक्य अशा प्रत्येक घरात ऐकू येतं. तापाचं औषध घड्याळ लावून दिल्याने पुढच्या आजारात आकडी टळते असं अनेक अभ्यासांत आढळलेलं नाही. औषध बाळाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, आकडी रोखायची म्हणून रात्रभर जागून नाही. वारंवार आकडी येणाऱ्या काही मोजक्या मुलांना डॉक्टर तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझाम हे आकडी रोखणारं औषध देतात. त्याने बाळ झोपाळू होतं, चालताना झोक जातो; हे अपेक्षित आहे, पण त्या दिवसांत जिना आणि विहिरीकडे लक्ष ठेवा. शेजारच्या बाळाचं क्लोबाझाम आपल्या बाळाला नको.

लस बंद करू नका. त्रिगुणी किंवा पेंटाव्हॅलंटनंतर ताप आला तर पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर मात्र साधारण आठवडाभराने, पाचव्या ते बाराव्या दिवसात. तोवर लस टोचल्याचं घरात सगळे विसरलेले असतात. लसीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि ते दिवस गोल करून ठेवा. खऱ्या गोवराने येणारा ताप आणि मेंदूचा धोका यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

रक्त कमी असलेल्या मुलांत आकडी जास्त दिसते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आशाताई लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा १ मिलिलीटर. शी काळी होते म्हणून ते कपाटात पडून राहतं. काळी शी होणारच, चालू ठेवा. फक्त तापाच्या दिवसांत थांबवा आणि बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करा.

आता एक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. त्यावर बाळाचं आजचं वजन आणि तारीख, पॅरासिटामॉल किती मिलिलीटर आणि कुठल्या ताकदीच्या बाटलीचं, स्प्रे असेल तर किती दाब, "कुशीवर, तोंडात काही नाही, ५ मिनिटं, १०८" आणि जवळच्या केंद्राचा नंबर लिहा. एक प्रत स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा, दुसरी अंगणवाडीताईंकडे द्या. वजन दर दोन-तीन महिन्यांनी बदला, आणि त्याच वेळी स्प्रेच्या बाटलीवरची मुदत बघा. ती संपलेली असेल तर मेडिकलला जायचं ते आजच, पुढच्या तापाची वाट बघून नाही.